लसूणघासावरील मावा आणि मुळांवरच्या गाठी

प्रश्न : आमच्याकडे शिरूर तालुक्यात अर्धा एकर लसूणघास आहे. थंडीत मावा पडल्यापासून कापणीनंतरची फूट पिवळट येते. लसूणघास हवेतील नत्र स्वतः घेतो असे ऐकले होते. मग मावा पानांवर असताना नत्र कमी का पडावे? युरिया द्यावा काय?
– एक पशुपालक, पुणे जिल्हा

उत्तर : हवेतील नत्र घेतात ते मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू. नत्राचा एक रेणू स्थिर करण्यासाठी, म्हणजे झाडाला वापरता येईल अशा रूपात आणण्यासाठी, किमान १६ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे) रेणूंइतकी ऊर्जा खर्ची पडते आणि ती पानांत तयार होऊन मुळांकडे उतरणाऱ्या साखरेतूनच मिळते. मावा नेमका हाच साखरेचा रस वाटेत शोषतो. त्यामुळे गाठीला स्पर्शही न करता तो तिची उपासमार घडवतो. न्यूझीलंडमध्ये १९९६ साली आढळलेल्या क्लोव्हर या लसूणघासाच्याच कुळातील चारापिकावरील सोंडकिड्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या अळ्या गाठीच पोखरतात.

आपल्या बाबतीत कापणीची वेळ फार महत्त्वाची आहे. कापणीनंतर पाने नसल्याने गाठींचे काम एकदम मंदावते आणि नव्या पालवीबरोबर साधारण दोन आठवड्यांत सावरते. या सावरण्याच्या काळातच कोवळ्या फुटीवर मावा बसला, तर गाठी पुरत्या कामाला लागण्याआधीच पुढची कापणी येते.

युरियाची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण युरियामुळे जमिनीत नायट्रेट (झाडाला थेट घेता येणारे नत्राचे रूप) वाढले की गाठींचे काम आणखी घटते. आधी तीन-चार झाडे मुळांसकट खणून गाठी नखाने चिराव्यात. आतून गुलाबी असल्यास त्या काम करीत आहेत. गाठीचा जुना, बुडाकडील भाग हिरवट असणे स्वाभाविक आहे, पण संपूर्ण गाठ हिरवी वा करडी असल्यास काम थांबले आहे. गाठी गुलाबी आहेत, पण नवी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असे दिसल्यास लोहाची कमतरता तपासावी; आपल्या चुनखडीच्या जमिनीत ती नेहमी आढळते.

मावा वाढलेला असून घास कापणीला आला असेल, तर फवारणीऐवजी कापणी थोडी आधी उरकावी, म्हणजे बहुतेक मावा चाऱ्याबरोबर निघून जातो. मावा खाणारे ढालकिडे दिसत असतील, तर त्यांना जरूर जपावे. फवारणी करावीच लागली, तर औषधाच्या लेबलवरील प्रतीक्षाकाळ (फवारणीनंतर थांबायचे दिवस) संपेपर्यंत तो चारा दुभत्या जनावरांना घालू नये.