मोठा रंगतक्ता करायला केवढा संगणक हवा?

प्रश्न : मी लघुपट आणि माहितीपटांचे कलर ग्रेडिंग, म्हणजे चित्रातील रंगांची जुळवणी, करतो. पडद्यावरचे रंग मोजणारा कलरीमीटर घेतल्यापासून डिस्प्लेकॅल आणि आर्गिलसीएमएस ही सॉफ्टवेअर वापरून मॉनिटरसाठी थ्रीडी एलयूटी, म्हणजे रंग अचूक दिसावा म्हणून कोणत्या रंगासाठी पडद्याला कोणता संकेत द्यायचा हे सांगणारा त्रिमितीय रंगतक्ता, स्वतःच तयार करतो. लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक बाजूला 33 बिंदू असलेला तक्ता बऱ्यापैकी लवकर होतो. परंतु 65 बिंदू आणि सर्वांत वरचा दर्जा निवडला की माझ्या 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपचा पंखा रात्रभर फिरत राहतो आणि सकाळी पाहावे तर काम अर्धवटच असते. 64 जीबी रॅम आणि मोठे ग्राफिक्स कार्ड असलेला नवा संगणक घ्या, असे दुकानदार सुचवतो. एवढा खर्च खरोखर गरजेचा आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ग्राफिक्स कार्डाचा खर्च निदान या कामासाठी तरी करू नका. आर्गिलचे सारे गणित प्रोसेसरवर चालते, ग्राफिक्स कार्डाचा त्यात काहीही वाटा नसतो. कार्डाचे काम सुरू होते ते तयार झालेला तक्ता चित्रावर लागू करताना. प्रत्येक पिक्सेलच्या रंगाभोवतीचे चार किंवा आठ बिंदू तक्त्यातून उचलायचे आणि त्यांच्या मधली किंमत काढायची, एवढेच ते करते. ग्रेडिंगच्या इतर कामांसाठी चांगले कार्ड लागतेच, पण तो हिशेब वेगळा.

65 बिंदूंच्या तक्त्यात 65 × 65 × 65, म्हणजे 2,74,625 नोंदी असतात, तर 33 बिंदूंच्या तक्त्यात 35,937. म्हणजे काम सुमारे साडेसातपट वाढते. तरीही प्रत्येक नोंदीत 16 बिटांच्या तीन किमती धरल्या, तर सगळा मोठा तक्ता साडेसोळा लाख बाइटांच्या आत मावतो. तोच ‘.क्यूब’ या मजकुराच्या फाइलीत सहा दशांश स्थळांपर्यंत लिहिला, तरी फाइल सात-साडेसात एमबीची होते. मॅडव्हीआर हे व्हिडिओ दाखवणारे सॉफ्टवेअर वापरते तो 256 बिंदूंचा तक्ता, ज्यात 8-बिट संकेताच्या प्रत्येक शक्य रंगाला स्वतःची नोंद असते, तोदेखील दहा कोटी बाइटांच्या किंचित वर जातो. आपल्या 8 जीबीपुढे हे आकडे किरकोळ आहेत, तेव्हा मेमरी तक्त्याने भरलेली नाही.

ती भरते उलट्या शोधामुळे. मोजणीतून तयार झालेले प्रोफाइल सांगते की अमुक लाल, हिरवा, निळा संकेत दिला की पडद्यावर तमुक रंग दिसतो. तक्त्याला नेमके याच्या उलट हवे असते : तमुक रंग दिसायचा असेल तर संकेत कोणता द्यावा? याचे थेट सूत्र नसल्यामुळे प्रत्येक बिंदूसाठी प्रोफाइलमधील बिंदूंच्या जाळ्यात शोध घ्यावा लागतो, आणि मागितलेला रंग पडद्याच्या आवाक्याबाहेरचा असेल तर आवाक्याच्या सीमेवरचा सर्वांत जवळचा रंग हुडकावा लागतो. हा शोध झटपट व्हावा म्हणून जाळ्याच्या कोणत्या भागात काय सापडेल याच्या याद्या मेमरीत बांधून ठेवल्या जातात. प्रोफाइलचे जाळे जितके दाट, तितक्या या याद्या मोठ्या. रॅम अपुरी पडली की त्यांची डिस्कवर ने-आण सुरू होते आणि तासाभराचे काम रात्र खाते.

आपल्याकडे नेमके हेच होते आहे का, ते खरेदीपूर्वी पाहून घ्यावे. तक्ता तयार होत असताना टास्क मॅनेजर उघडा. मेमरी काठोकाठ भरलेली आणि डिस्क सतत शंभर टक्क्यांच्या आसपास दिसली, तर उणीव रॅमची आहे. मेमरी मोकळी असून आठ थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी आठ कामे चालवू शकणाऱ्या, प्रोसेसरचा वापर बारा-तेरा टक्क्यांवर अडकलेला दिसला, तर त्या टप्प्यातले काम एकाच थ्रेडवर चालले आहे. अशा वेळी जास्त कोअर घेऊन उपयोग नाही, एका कोअरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर उपयोगी पडतो. माझ्या मते 16 जीबी रॅम आपल्याला पुरेल. ऑपरेटिंग सिस्टीम आणि आर्गिल दोन्ही 64-बिट आहेत याची मात्र खात्री करा, कारण विंडोजवर 32-बिट प्रोग्रामला सामान्यतः 2 जीबीपलीकडची मेमरी वापरताच येत नाही, मग संगणकात ती कितीही असो.

दर्जाची पायरीही उतरवा. आर्गिलमधील ‘अल्ट्रा’ हा पर्याय वेळ आणि मेमरी प्रचंड खातो, आणि त्याच्या माहितीपुस्तिकेतही रोजच्या वापरासाठी त्याची शिफारस नाही. ‘हाय’वर थांबणे योग्य.

शिवाय 65 बिंदूंची गरज आहे का, हा प्रश्न मला संगणकाहून महत्त्वाचा वाटतो. समजा, प्रोफाइलसाठी आपण पडद्यावर दाखवलेल्या 1000 रंगपट्ट्या कलरीमीटरने मोजल्या. एकीला दोन सेकंद धरले तर सुमारे 33 मिनिटे लागतात. गडद पट्ट्यांना अधिक. आता तक्त्यात पावणेतीन लाख नोंदी ठेवल्या, तरी पडद्याविषयीची माहिती त्या 1000 मोजण्यांचीच राहते, बाकीच्या किमती गणिताने भरलेल्या असतात. साध्या आयपीएस प्रकारच्या एलसीडी मॉनिटरचा प्रतिसाद बहुधा सलग आणि गुळगुळीत असल्याने त्याला 33 बिंदू छान पुरतात. लाल, हिरव्या, निळ्यासोबत पांढरा उपपिक्सेल असलेल्या ओलेड टीव्हीची गोष्ट निराळी, कारण तिथे तीन रंगांच्या उजेडाची बेरीज पांढऱ्याच्या उजेडाशी जुळत नाही. अशा पडद्यासाठी दाट तक्ता आणि त्याआधी जास्त मोजण्या, दोन्हींचा विचार व्हावा. दोन्ही तक्ते करून, प्रोफाइलसाठी न वापरलेल्या रंगपट्ट्यांवर त्यांची पडताळणी करा आणि डेल्टा ई 2000चे, म्हणजे हवा तो रंग आणि दिसलेला रंग यांतील फरकाचे, आकडे शेजारी ठेवून पाहा. फरक दोन लागोपाठच्या मोजण्यांत एरवी पडतो तेवढाच असेल, तर 33 बिंदूंवर निर्धास्तपणे काम करा.

एवढे करूनही मोठाच तक्ता हवा असेल, तर मोजणी आणि गणित एकाच संगणकावर व्हायला हवे असे नाही. मोजणी ग्रेडिंगच्याच संगणकावर करा, म्हणजे 0–255 (पूर्ण) आणि 16–235 (व्हिडिओची मर्यादित) या संकेतपातळ्यांचा घोळ होणार नाही. मॉनिटर अर्धा तास तापू द्या, नाइट लाइट आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद ठेवा. मोजण्या ‘.टीआयथ्री’ फाइलीत साठतात. ती फाइल एखाद्या मित्राच्या जास्त रॅमच्या संगणकावर नेऊन तिथे प्रोफाइल आणि तक्ता तयार करता येतो, त्यासाठी कलरीमीटर जोडावा लागत नाही. ती फाइल जपून ठेवली, तर पुढे गॅमा, म्हणजे संकेतानुसार उजेड कसा वाढतो ते ठरवणारा आकडा, 2.4ऐवजी 2.2 हवा झाला तरी त्याच मोजण्यांवरून नवा तक्ता काढता येईल. अर्थात मॉनिटरची सेटिंग तोवर बदललेली नसावीत.