अमेरिकन फुटबॉलपटू अ‍ॅलन पेज एकही सुपर बोल (तिथल्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना) न जिंकता मोठे कसे, आणि दहावीतल्या मुलापुढे त्यांचा आदर्श ठेवावा का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मिनेसोटा व्हायकिंग्जचा संघ त्यांच्या काळात चार वेळा सुपर बोलला पोहोचला आणि चारही वेळा हरला; पण जो 'सर्वाधिक मौल्यवान खेळाडू' हा लीगचा मान बहुधा चढाईची सूत्रे हलवणाऱ्या क्वार्टरबॅककडे जातो, तो १९७१ साली बचाव फळीतल्या पेज यांना मिळाला. त्यांच्यानंतर बचावातल्या एकट्या लॉरेन्स टेलरला, १९८६ साली तो मिळाला. पदकांवरून बचावपटू जोखणाऱ्यांना खेळ कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न मात्र मला लागला. बारावीच्या वर्षी मी सांगलीत कबड्डीच्या संघात डाव्या कोपऱ्यावर खेळत असे. सहामाहीचे गुण पाहून वडिलांनी माझ्या नी-कॅप माळ्यावर टाकल्या आणि "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत" असे सुनावले. पुढे नोकरीसाठी मिनियापोलिसला आल्यावर ट्विन सिटीज मॅरेथॉनमध्ये धावताना रस्त्याकडेला एक उंचेपुरे, वयस्कर गृहस्थ भलामोठा पितळी ट्यूबा वाजवून धावणाऱ्यांना हुरूप देताना दिसले. शेजारून धावणाऱ्या बाई म्हणाल्या, "हे आमचे न्यायमूर्ती पेज." फुटबॉलचा त्यांनी उल्लेखही केला नाही!

खेळत असतानाच पेज यांनी मिनेसोटा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, तीही १९७८ साली, म्हणजे पळण्याच्या नादाने वजन उतरले म्हणून व्हायकिंग्जनी त्यांना काढून टाकले त्याच वर्षी. शिकागो बेअर्सनी त्यांना अवघ्या शंभर डॉलरांत घेतले आणि ते १९८१पर्यंत तिथे खेळले. १९९३ ते २०१५, सत्तरीत सक्तीने निवृत्त होईपर्यंत, ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात होते. तेव्हा मुलाला खुशाल खेळू द्या. त्याच्या वस्तू माळ्यावर टाकू नका.

अर्थात, हे फुटबॉलबद्दल असेल तर डोक्याला मार बसण्याचा धोका आधी नीट समजून घ्या. शिवाय पेज यांनीही कायद्याचा अभ्यास पहिल्या खेपेस अर्धवट सोडला होता. हे सगळे मी मॅरेथॉनच्या रात्री वडिलांना फोनवर ऐकवले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "त्याने सोडलेलं पुन्हा धरलं. नी-कॅप माळ्यावरच होत्या, तू कधी शिडी लावलीस का?"