घर आणि रेंज दोन्हीसाठी स्वस्तातलं पिस्तूल: टॉरस जी-३ घ्यावं का?

प्रश्न असा आलाय की डॅलसजवळ नवीन घर घेतलंय, बजेट साधारण ३५० डॉलर, घराच्या सुरक्षेसाठी आणि महिन्यातून एखाद्या वेळी रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) चालवायला टॉरस जी-३ घेऊ का थांबून पैसे साठवून ग्लॉक १९ घेऊ, कारण मित्र म्हणतात स्वस्त पिस्तूल म्हणजे ऐनवेळी घात.

घ्या जी-३. माझ्याकडे २०२२ पासून आहे, वहीत हिशोब ठेवलाय, आजपर्यंत ३,८०० च्या वर गोळ्या झाडून झाल्यात. मी खरं तर इथे फारसं लिहीत नाही, पण ते "मित्र म्हणतात" वाचलं आणि राहवलं नाही, कारण माझ्या घरी हे वाक्य माझे साडू गेली तीन वर्षं म्हणतायत.

आमचे साडू पण इकडेच, अर्ध्या तासावर राहतात. मी पिस्तूल घेतलं त्या वर्षीच्या दिवाळीत फराळाला सगळे जमलेले, वीस-बावीस माणसं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "घर पाच लाखाचं आणि राखण अडीचशे डॉलरची?" मला ते फार लागलं. पैशाचा प्रश्न नव्हता, मी महागाचं घेऊ शकत होतो, पण विचार करून घेतलेल्या गोष्टीची अशी चारचौघांत किंमत केली की लागतं. त्यांचं स्वतःचं पिस्तूल अकराशेचं, वर तीनशेची लाइट लावलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, वस्तू उत्तमच आहे, मी चालवून बघितलीय. पण त्यांनी घेतल्या दिवशी पन्नास गोळ्यांचा एक डबा झाडला त्यानंतर ते पिस्तूल कपाटात, मोज्यांच्या खणात. आजही तिथेच आहे.

आता जी-३ बद्दल. चार इंची बॅरल, मॅगझिन (गोळ्या भरायचा कप्पा) १५ किंवा १७ राउंडचं, वजन रिकामं साधारण ७०० ग्रॅम, खाली लाइट लावायला रेल, बहुतेक मॉडेलला अंगठ्याची सेफ्टी. आकारानं ग्लॉक १९ च्या जवळपास. ट्रिगर मात्र ग्लॉकसारखा नाही, आधी बराच मोकळा प्रवास आणि मग भिंत लागल्यासारखं होतं, सुरुवातीला माझ्या गोळ्या सगळ्या डावीकडे खाली जात होत्या, उजव्या हाताच्या नवशिक्यांच्या बहुतेक जातात. एक चांगली गोष्ट म्हणजे गोळी उडाली नाही तर परत ट्रिगर दाबून परत ठोका मारता येतो, स्ट्रायकरवाल्या (म्हणजे हातोडीऐवजी आत स्प्रिंगवरची पिन असलेल्या) बऱ्याच पिस्तुलांत हे नसतं. तरी क्लासमध्ये शिकवतात तेच करायचं, मॅगझिनला खालून थाप, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे, पुढे चला. साइट साध्या, पांढरे ठिपके, उजेडात ठीक. ट्रिगर चांगलाच पाहिजे असेल तर तुर्कस्तानचं कॅनिक बघा, थोडे पैसे जास्त पण ट्रिगर खरंच सुंदर. रुगरचं सिक्युरिटी-९ पण याच किमतीच्या आसपास. स्मिथ अँड वेसनचं एसडी-९ दणकट आहे पण त्याच्या जुन्या व्हीई मॉडेलचा ट्रिगर फार जड, माझ्या बायकोला तो एका बोटानं ओढवेना. हाय-पॉइंट घेऊ नका असं मी म्हणणार नाही, चालतं ते, पण विटेसारखं जड आणि मॅगझिनमध्ये फक्त आठ राउंड.

पहिल्या दिवसाचं सांगतो म्हणजे "घात" कशाला म्हणतात ते कळेल. साडूपण सोबत आलेले रेंजवर. पहिल्या ६० गोळ्यांत माझ्याकडून दोनदा आणि बायकोकडून तीनदा अडकलं, गोळीचं रिकामं केस, म्हणजे मागचं पितळी नळकांडं, बाहेर फेकलं जायच्या ऐवजी स्लाइडमध्ये उभं अडकायचं, याला स्टोव्हपाइप म्हणतात. साडू लगेच, "बघ, स्वस्त माल." मला पण क्षणभर वाटलं की चुकलं. तिथली इन्स्ट्रक्टर, पोलिसातून रिटायर झालेली साठीची बाई, आली, काही न बोलता माझ्याच हातातलं पिस्तूल, माझंच मॅगझिन, माझ्याच डब्यातल्या गोळ्या घेतल्या आणि १५ च्या १५ झाडल्या, एकदाही अडकलं नाही. मग माझं मनगट धरून म्हणाली, हे ढिलं आहे. सेमी-ऑटो पिस्तुलात गोळी सुटल्यावर स्लाइड मागे जायला फ्रेम (खालचा, हातात धरायचा भाग) एका जागी घट्ट राहावी लागते, मनगट लचकलं की फ्रेमपण मागे जाते, स्लाइड पूर्ण मागे पोचत नाही आणि केस अडकतं. अकराशेचं असतं तरी माझ्या त्या मनगटात ते अडकलं असतं. तिनं पकड बसवून दिली, डावा हात जास्त जोरात, कोपर किंचित वाकलेलं, आणि त्यानंतर बायकोनं सलग ५० झाडल्या. हे साडूंना दिसलं नाही कारण तोपर्यंत ते बाहेर फोनवर होते. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात माझं पिस्तूल अडकणारंच आहे.

हिशोब सांगतो. ग्लॉक १९ साडेपाचशेच्या पुढेमागे, जी-३ तीनशेच्या आतबाहेर. उरलेल्या पैशात एक दिवसाचा क्लास, पिस्तूल ठेवायला चार आकडी बटणांची पेटी जी पलंगाशी बोल्ट करता येते, एक चांगली हातातली बॅटरी आणि वर प्रॅक्टिसच्या गोळ्यांचे दोन-चार डबे. मी घेतलं तेव्हा गोळ्या महागच होत्या, २०२०-२१ च्या टंचाईची झळ उतरत होती, आता ११५ ग्रेनच्या (हे गोळीच्या वजनाचं माप) पन्नास गोळ्यांचा डबा बऱ्यापैकी परवडतो. तुमच्या ३५० मध्ये हे सगळं बसणार नाही. मग एक महिना थांबा आणि आधी पेटी आणि क्लास घ्या. पिस्तूल सगळ्यात शेवटी.

हे मी का म्हणतो ते त्या रात्रीचं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

२०२३ च्या मे महिन्यात आईबाबा सहा महिन्यांसाठी आले. बाबा सैन्यातून हवालदार म्हणून रिटायर, आम्ही सातारा जिल्ह्यातले, आमच्याकडे घरटी एक तरी माणूस पलटणीत. आल्यावर तिसरी रात्र. पहाटेचे पावणेतीन वाजलेले, स्वयंपाकघरातून कपाटाचं दार हळूच लावल्याचा आवाज आला. आमची बेडरूम खाली, मुलगा आठ वर्षांचा, तो वर झोपलेला, आणि जिना स्वयंपाकघराच्या पलीकडे. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत एका गॅरेजमध्ये कोणीतरी शिरलेलं. झोपेत मला आईबाबा आलेत हे आठवलंच नाही. खरंच आठवलं नाही, तीन रात्रींत सवय होत नाही. क्लासमध्ये शिकवलेलं की खोलीतच थांबायचं, दार लावायचं, ९११ ला फोन करायचा, घरभर शोधत फिरायचं नाही. बायकोच्या हातात फोन दिला पण मी थांबू शकलो नाही, मुलगा वर होता. पेटी उघडली, उजव्या हातात पिस्तूल, तोंड जमिनीकडे, डाव्या हातात बॅटरी. दाराच्या चौकटीआड उभा राहिलो आणि उजेड छतावर मारला, ते पण त्याच बाईनं शिकवलेलं, पांढऱ्या छतावरून उजेड अख्ख्या खोलीत पसरतो आणि कोणाच्या अंगावर काही रोखावं लागत नाही. ओरडलो, "कोण आहे?"

"आरं मी हाय. चहाची पावडर कुठं ठिवता तुमी?"

बाबांना जेट लॅगमुळे झोप नव्हती, आणि पोरगं उठू नये म्हणून दिवा न लावता अंधारातच चाचपडत होते. जुनी सवय, अंधारात आवाज न करता वावरायची. माझ्या मांडीशी खाली धरलेलं पिस्तूल त्यांना दिसलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "बोट कुठं हुतं तुझं?"

म्हटलं, "ट्रिगरच्या बाहेर होतं बाबा. फ्रेमवर."

मी पिस्तूल पेटीत ठेवून आलो तर त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला, दिव्याखाली धरून तर्जनीकडे बघितलं, आणि म्हणाले, "बस. चहा टाकतो." आम्ही उजाडेपर्यंत बसलो होतो. माझे गुडघे कितीतरी वेळ थरथरत होते.

आता साडूंची ती तीनशेची लाइट. ती पिस्तुलाच्या खाली लावलेली असते, म्हणजे जिकडे उजेड तिकडे नळी. ते मला कायम म्हणायचे की हातातली बॅटरी म्हणजे शेतावरच्या राखणीचा प्रकार, प्रोफेशनल लोक पिस्तुलावरच लाइट लावतात. लावतात, बरोबर आहे, आणि जमिनीवर उजेड मारूनही खोली दिसते हेही बरोबर आहे, पण त्यांची तेवढी तालीम झालेली असते. त्या रात्री माझ्याकडे फक्त तसली लाइट असती तर कोण आहे हे बघायला मी भरलेलं पिस्तूल माझ्या बापावर धरलं असतं. मी साडूंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पण झालं तर काही नाही ना." हे उत्तर मला आजपर्यंत पचलेलं नाही. काही झालं नाही कारण मी चाळीस शनिवार त्या बोटावर घालवले होते. तुम्ही मोज्यांच्या खणात ठेवलेल्या पिस्तुलाला किंमत कितीही असो, तुमचं बोट पहाटे तीनला कुठे जाईल हे तुम्हाला माहीतच नाही, कारण तुम्ही त्याला काही शिकवलेलंच नाही.

बाबांना रेंजवर न्यायची माझी फार इच्छा होती. नेलं पण, पण व्हिजिटर व्हिसावरच्या माणसानं पिस्तूल हातात घेणंसुद्धा फेडरल कायद्यात बसत नाही, म्हणून ते दीड तास काचेमागे खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत राहिले. तेवीस वर्षं नोकरी केलेला माणूस. तीच ९ बाय १९ ची गोळी त्यांनी पलटणीत कार्बाइनमधून हजारो वेळा झाडलेली. मी दुकानातून कुठलाही परवाना न दाखवता तो डबा घेतला ते बघून ते हबकले, कारण आपल्याकडे ९ एमएम सिव्हिलियनला मिळतच नाही, म्हणून तर तिकडे परवानेवाल्यांकडे बत्तीस बोअर असतो. परत येताना गाडीत एवढंच म्हणाले, "पकड बरी हाय. श्वास सोडताना घाई करतोस." मला कोणी काहीही म्हणू दे, माझ्यासाठी ते पुरे आहे.

काही गोष्टी वर राहून गेल्या, त्या महत्त्वाच्या आहेत.

घरच्या पिस्तुलात प्रॅक्टिसच्या गोळ्या भरून ठेवू नका, घरासाठी हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ, आत शिरल्यावर फुलणाऱ्या गोळ्या) घ्या. आपल्याकडच्यासारख्या विटांच्या भिंती इथे नाहीत, लाकडी चौकटीवर अर्ध्या इंचाचं ड्रायवॉल (जिप्समची पाटी), साधी ९ एमएम अशा कितीतरी भिंतींतून आरपार जाते. हॉलो पॉइंटपण ड्रायवॉलमधून जाते हं, त्यामुळे पोरांच्या खोल्या कुठल्या दिशेला आहेत ते दिवसा फिरून बघून ठेवा. आणि त्याच हॉलो पॉइंटच्या शंभर-एक गोळ्या आधी तुमच्याच पिस्तुलातून झाडून बघा, महाग पडतं तरी.

साफ करायला उघडताना जी-३ मध्ये ट्रिगर दाबावाच लागतो, ग्लॉकमध्येपण लागतो. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड ओढून चेंबर डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा, मग दाबा, तेही कुठेतरी सुरक्षित दिशेला धरूनच. रेंजवरून आल्यावर हात गार पाण्यानं धुवा, शिशाची पूड असते, पोरांना त्याआधी जवळ घेऊ नका.

टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं पिस्तूल निष्काळजीपणे ठेवणं गुन्हा आहे. मोज्यांचा खण म्हणजे सुरक्षित जागा नाही. साडूंच्या घरी दोन मुली आहेत, मी हे त्यांना तोंडावर सांगितलंय, दोनदा. त्या घरी माझा मुलगा आता एकटा राहायला जात नाही, आणि त्यावरून बायकोचं आणि तिच्या बहिणीचं जे झालं ते इथे लिहीत नाही.

हे वाचणारे न्यू जर्सीत असतील तर तिथे प्रत्येक हँडगनला वेगळं परमिट लागतं आणि मॅगझिन १० राउंडचंच. कॅलिफोर्नियात सरकारी यादीत नसलेलं नवीन पिस्तूल दुकानदार विकू शकत नाही, वर दहा दिवस थांबा. मी सगळं टेक्सासच्या हिशोबानं लिहिलंय.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी विचारायला पाहिजे होतं, तुम्ही कुठल्या व्हिसावर आहात? एच-१बी वर असाल तर विषय संपला. नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावर पिस्तूल घेणं, जवळ ठेवणं दोन्ही फेडरल गुन्हा. शिकारीचं लायसन्स असेल तर अपवाद आहे, तो कायद्यातच आहे, पण त्या वाटेनं जायचं तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे द्या. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हा प्रश्न सरळ विचारलेला असतो आणि खोटं लिहिलं की ग्रीन कार्डच्या रांगेत काढलेली सगळी वर्षं पाण्यात. मी स्वतः ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबलो होतो. तोपर्यंत घरासाठी दाराला चांगलं कुलूप, चौकटीत तीन इंची स्क्रू, आणि पॅसेजमध्ये माणूस आला की आपोआप लागणारे वीस डॉलरचे दिवे. ते दिवे मी त्या रात्रीनंतर लगेच आणले.

ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर मेसेज करा, मी जवळपास दर शनिवारी सकाळी रेंजवर असतो. माझं जी-३ एक डबाभर चालवून बघा, तिथेच ग्लॉक १९ भाड्यानं मिळतं, तेपण लागोपाठ चालवा आणि मग ठरवा. कानाचे मफ आणि चष्मा माझ्याकडे जास्तीचे आहेत.