तिसऱ्यांदा नीट? आधी माळ्यावरची पुस्तकं खाली काढा

पत्र : मुलीने दोनदा नीट दिली. दुसऱ्यांदा ४१२ गुण पडले. तिसऱ्यांदा क्लास लावायला द्राक्षबागेवर कर्ज काढतोय. ती मात्र म्हणते, देश निरोगी कशाने होतो ते शिकायचंय, अर्थशास्त्र घेते. डॉक्टर न होता देशाचं आरोग्य कसं सुधारणार? रागाच्या भरात तिची पुस्तकं माळ्यावर टाकली. तिची समजूत काढा.
– एक वडील, तासगाव तालुका

भाऊ, ४१२ गुणांची मला काळजी वाटली नाही. पुस्तकं माळ्यावर गेली, हे वाचून वाटली. दोन वर्षं पोरगी तुमच्या शब्दाखातर अभ्यासाला बसली. पहिल्यांदाच तिने स्वतःसाठी काही मागितलं आणि नेमकं तेच तुम्ही नजरेआड केलंत. यामागे भीती आहे, हे कळतं मला. अवकाळी पावसापासून बेदाण्याच्या दरापर्यंत ज्याचं सगळंच बेभरवशाचं, त्याला घरात एक तरी गोष्ट पक्की हवी असते. पण ती भीती तिच्या डोक्यावर ठेवू नका. बागेवर कर्ज काढलंत, तर परीक्षेच्या दिवशी पेपरसोबत तो बोजाही तिच्यासमोर असेल.

डॉक्टर वाढले की देश निरोगी होतो, असं मिरजेच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही वाटेल. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी तिथे रुग्णालय उभारलं, १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आजही कर्नाटकातून पेशंट येतात. पण दवाखाना आजारी माणसाला बरं करतो. माणसं मुळात किती आजारी पडतात, ते पाणी, पोटभर अन्न, लसी, आईचं शिक्षण आणि घरातला पैसा यांवर ठरतं. इंग्लंडमध्ये क्षयाचे मृत्यू त्यावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन येण्याच्या कितीतरी आधीपासून घटत होते. लोकसंख्येचे अभ्यासक सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ साली देशांचं उत्पन्न आणि आयुर्मान शेजारी-शेजारी मांडलं. गरीब देशात उत्पन्न थोडं वाढलं तरी आयुष्य बरंच वाढतं. श्रीमंत देशात आणखी पैशाने फारसा फरक पडत नाही. अमेरिका देशाच्या उत्पन्नातले सुमारे १७ टक्के आरोग्यावर खर्च करते, जपान ११च्या आसपास. तरी जपानी माणूस सरासरी पाचेक वर्षं जास्त जगतो. आपल्याकडे २०२१-२२मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ३९ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून भरला. गावात आजारपणापायी जमीन गहाण पडलेलं एखादं तरी घर तुम्हाला माहीत असेल. ते घर कसं वाचलं असतं, हाच तुमच्या मुलीचा प्रश्न आहे. एकट्या डॉक्टरकडे त्याचं उत्तर नसतं.

अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्रात पदवी, मग पुण्याची गोखले संस्था किंवा मुंबईत देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था, अशी वाट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण देवनारचीच संस्था करते. पगाराची तुलना डॉक्टरच्या कमाईशी करू नका, तेवढा सुरुवातीला मिळणार नाही. आणि आकडेमोडीचा कंटाळा असेल, तर हे क्षेत्र तिच्यासाठी नाही, हेही तिला स्पष्ट सांगा.

तिची समजूत मी काढणार नाही. क्लासचे पैसे भरले नसतील तर भरू नका, कर्जाचा अर्ज थांबवा आणि पुस्तकं आजच खाली काढा. बारावीला तिचं गणित होतं का, ते पत्रात नाही. नसेल तर संख्याशास्त्राला अडचण येईल, अर्थशास्त्राला सहसा येत नाही. ते मला तिलाच कळवू दे.