पहिला कॉम्बॅट रोबोट: स्पिनर राहू द्या, आधी चाकं नीट फिरू द्या

प्रश्न असा होता: डिप्लोमा मेकॅनिकल, दुसरं वर्ष, चौघांची टीम, पंधरा हजार रुपये. फेस्टच्या रोबोवॉरमध्ये, म्हणजे रोबोटांच्या झुंजीत, ८ किलो गटात उतरायचंय. स्पिनर (जोरात फिरणाऱ्या पट्टीने हाणणारा रोबोट) डोक्यात आहे, सुरुवात कुठून करू?

स्पिनर नको. पहिला रोबोट साधी पाचर असू दे. चार चाकं, पुढे जमिनीला घासत जाणारा उतरता पत्रा, बस. तुम्ही नाक मुरडणार हे माहीत आहे, आम्हीही मुरडलं होतं. टूमस्टोन या प्रसिद्ध अमेरिकन स्पिनरचे व्हिडिओ रात्ररात्र बघून आलेला कोण पत्र्याची पाचर बनवायला तयार होईल? पण बीबीसीच्या रोबोट वॉर्स या टीव्ही कार्यक्रमाची १९९८ मधली पहिली मालिका जिंकणारा रोडब्लॉक पाचरीच्याच आकाराचा होता. मागे करवतीचं पातं होतं खरं, पण समोरच्याला उचलून आडवं करायचं काम त्या उतरत्या अंगाचंच. आणि बनवला होता कॉर्नवॉलमधल्या एका शाळेच्या टीमने.

स्पिनर का नको, त्याचा हिशोब करून बघा. एक किलोची, ३०० मिमी लांबीची पट्टी ५००० आरपीएमला फिरवली तर तिच्यात साधारण १००० ज्यूल ऊर्जा साठते. म्हणजे आठ किलोचा तुमचाच रोबोट चार मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली टाकल्यासारखं. हा दणका समोरच्याला बसतो तेवढाच उलटा तुमच्या बेअरिंगला, शाफ्टला, वेल्डिंगला बसतो. तो सोसेल अशी चौकट पहिल्या खेपेला बनत नाही. शिवाय ही पट्टी हॉस्टेलच्या गॅलरीत "जरा फिरवून बघू" म्हणून चालू करणारे महाभाग मी पाहिलेत. जाड पॉलिकार्बोनेटच्या (न फुटणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या) पिंजऱ्याशिवाय ती चालू करायची नसते. तुमच्याकडे पिंजरा आहे का?

आता आमची फजिती. आमचाही पहिला ८ किलोचाच, दोन चाकांचा, पुढे फिरणारी पट्टी. सामना सुरू झाला आणि चाळिसाव्या सेकंदाला रोबोट घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरायला लागला. समोरच्याने अजून हातही लावला नव्हता! डावी मोटर मस्त फिरत होती, चाक मात्र जागचं हलत नव्हतं. पंचांनी मोजायला सुरुवात केली आणि संपलं.

दुसऱ्या दिवशी ते चाक घेऊन भोसरीच्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी हब (चाक शाफ्टवर बसवणारा मधला तुकडा) ओढला, तो नुसत्या हाताने निघून आला. शाफ्टवर गोल चकचकीत रेघ उमटलेली, हब शाफ्टला आवळून धरणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू घासत फिरल्याची.

"शाफ्टला फ्लॅट मारला होता?"

"नाही काका. स्क्रू गच्च आवळला होता."

"गोल शाफ्टवर गच्च म्हणजे काय रे? बाटलीचं बूच आहे का ते?"

त्यांनी पाच मिनिटांत शाफ्टच्या एका बाजूला फ्लॅट, म्हणजे स्क्रू टेकायला सपाट जागा, काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. जुन्या बाजारातून उचललेली मोटर होती, शाफ्ट पूर्ण गोल. तुम्ही मोटर घेताना आधी शाफ्ट बघा. डी आकाराचा असेल तर ग्रब स्क्रू बरोबर त्या सपाट बाजूवर बसवा, वर निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब. बाकी सगळीकडे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले. साध्या नटाखाली स्प्रिंग वॉशर टाकला म्हणून निर्धास्त राहू नका, रोबोवॉरच्या हादऱ्यांत तोही सुटतो.

नंतर तीन वर्षं फेस्ट करत हिंडलो. पहिल्या-दुसऱ्या फेरीत बाहेर पडणाऱ्यांचे रोबोट नंतर उघडून बघायची मला सवयच लागली. कुणाची सोल्डरिंग सुटलेली, कुणाचा बॅटरीचा कनेक्टर निसटलेला, कुणाची वायर चाकात गुंडाळलेली. शत्रूने फोडलेले कमीच. म्हणून चार चाकं, चार मोटरी. एक गेली तरी रोबोट लंगडत का होईना चालतो.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये अक्कलहुशारी दाखवू नका. आर्डुइनोसारखा प्रोग्रॅम करायचा बोर्ड लागत नाही. एल२९८एन नावाचं मोटर चालवायचं लाल बोर्ड प्रत्येक टीम एकदा तरी जाळते. ते एका चॅनलला २ अँपिअरचं, आणि चाक अडलं की मोटर एरवीच्या कितीतरी पट करंट ओढते. डीसी मोटरीला चालणारा, पुढे-मागे दोन्ही फिरवणारा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) घ्या. मोटरच्या स्टॉल करंटपेक्षा (चाक अडल्यावर ओढला जाणारा करंट) त्याची क्षमता जास्त हवी, आणि एका बाजूच्या दोन्ही मोटरी एकाच ईएससीवर टाकणार असाल तर तो आकडा दुप्पट धरा. रिमोटसाठी फ्लायस्कायचा एफएस-आय६ पुरतो. मी घेतला तेव्हा साडेचार हजारांच्या आसपास होता. हा खर्च वाया जात नाही, पुढच्या प्रत्येक रोबोटला तोच वापरता येतो. फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल गेला की रोबोट आपोआप थांबण्याची सोय, मात्र आठवणीने लावा. रोबोट विटांवर ठेवून चाकं अधांतरी करा, पळवा, आणि रिमोट बंद करा. चाकं लगेच थांबली नाहीत तर तपासणीतच घरी पाठवतील, आणि बरोबरच करतील.

मोटरीसाठी १२ व्होल्टच्या जॉन्सन गिअर मोटरी बघा. किती आरपीएमच्या, हे दुकानदाराला विचारू नका, स्वतः काढा. १०० मिमीचं चाक ३०० आरपीएमला फिरलं तर रोबोट सेकंदाला दीड मीटर जातो. पहिल्यांदा चालवणाऱ्याला एवढा वेग पुष्कळ झाला. ६०० आरपीएमची घ्याल तर वेग दुप्पट, पण त्याच आकाराच्या मोटरीत ढकलायची ताकद निम्मी. आणि पाचरीचं सगळं भांडवल ढकलण्यातच आहे.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीची थट्टा नको. थ्री-एस, म्हणजे तीन सेलची, घ्या. प्रत्येक सेल भरलेला ४.२ व्होल्टला, आणि ३ च्या खाली कधीच उतरू द्यायचा नाही. चार्जिंग बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या), समोर बसून, शेजारी वाळूची बादली ठेवून. फुगलेली बॅटरी "एवढा एक सामना काढेल" म्हणून बसवू नका. रोबोटच्या बाहेरून ओढून काढता येईल अशी एक्सटी६० कनेक्टरची, बॅटरीचा प्रवाह तोडणारी लिंक ठेवा, म्हणजे कसला घोळ झाला तर स्क्रू खोलत बसावं लागत नाही.

वजनावर आमची दुसरी फजिती. फेस्टच्या आदल्या रात्री रोबोट कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला, भरला ८ किलो ३४०. रात्री दोनपर्यंत पत्र्याला भोकं पाडली. २५ मिमीचं एक भोक ३ मिमीच्या पत्र्यातून जेमतेम साडेअकरा ग्रॅम काढतं, तेव्हा तीस भोकं झाली. सकाळी रोबोट इडलीपात्रासारखा दिसत होता. हे सगळं कागदावर आधीच कळलं असतं. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड लोखंडी पत्र्याचं वजन ७.८५ किलो, एवढा एक आकडा पाठ ठेवा. ३० बाय ४० सेंटिमीटरची ३ मिमी बेस प्लेटच २.८ किलो खाते. त्याऐवजी १० मिमी जाडीचा एचडीपीई प्लॅस्टिकचा तक्ता वापरलात (भाजी चिरायचा पांढरा प्लॅस्टिकचा पाट याच जातीचा असतो) तर काम सव्वा किलोच्या आत होतं, आणि दणका बसला की तो फुटत नाही, वाकून परत येतो. वाचलेलं वजन पुढच्या पाचरीच्या पत्र्यावर लावा.

पंधरा हजारांत हे सगळं बसतं, फक्त दोन मोटरी आणि एक ईएससी जादा घ्यायचे पैसे बाजूला ठेवा. सुटे भाग नाहीत म्हणून पहिला सामना जिंकलेली टीम दुसरा सोडून देते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि फेस्टच्या तीन आठवडे आधी रोबोट चालता झालाच पाहिजे. कारण चालवणं वेगळं शिकावं लागतं. रोबोट तुमच्या दिशेने येत असला की डावं-उजवं उलटं होतं आणि ऐन सामन्यात भल्याभल्यांची बोटं गोंधळतात. आम्ही पार्किंगमध्ये चपला मांडायचो, त्यांच्यामधून रोबोट आठच्या आकड्यात फिरवायचा, एकही चपलेला धक्का न लावता. चौघांपैकी ज्याला ते सगळ्यात लवकर जमलं त्याच्या हातात रिमोट दिला. टीमचा लीडर असल्याने मला तो हवा होता, पण माझ्या चपला सगळ्यांत जास्त उडायच्या.

नियमपुस्तिकेत लांबी-रुंदीची मर्यादा काय आहे आणि मोटर किती आरपीएमची मिळतेय ते कळवा, बेस प्लेटचं माप आणि वजनाचा हिशोब मांडून देतो.