वाचकांचे प्रश्न : स्क्रीनवर फक्त फोटो हवा

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच अडचणीचे आहेत: एडिटिंग सॉफ्टवेअरची पॅनेलं बाजूला सारून फोटो नीट कसा पाहायचा. उत्तरांतल्या कळा विंडोजप्रमाणे दिल्या आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी बहुतेक ठिकाणी कमांड दाबायची.

प्रश्न : फोटोशॉपमध्ये डावीकडे टूल्स, उजवीकडे लेयर्स, वर ऑप्शन्सची पट्टी. मधे फोटोला जागाच उरत नाही. हे सगळं क्षणभर लपवून फक्त फोटो कसा बघायचा?

यासाठी टॅब आणि एफ या दोन कळा आहेत, आणि दोघींची कामं वेगळी आहेत.

टॅब दाबली की टूलबार, ऑप्शन्सची पट्टी आणि सगळी पॅनेलं जातात. मेनू आणि फोटोच्या विंडोची चौकट राहते. शिफ्ट आणि टॅब एकत्र दाबलं तर फक्त पॅनेलं जातात, टूल्स हाताशी राहतात. रिटचिंग करताना हीच जोडी जास्त उपयोगी पडते. पुन्हा तीच कळ दाबली की सगळं जागेवर येतं.

एफ स्क्रीनची अवस्था बदलते. पहिल्यांदा दाबल्यावर विंडोची चौकट जाते आणि मेनू राहतो. दुसऱ्यांदा दाबल्यावर मेनूही जातो, पॅनेलं लपतात आणि फोटोभोवती फक्त मोकळा रंग उरतो. तिसऱ्यांदा दाबलं की नेहमीची स्क्रीन परत येते. शेवटच्या अवस्थेतून एस्केपनेही बाहेर पडता येतं.

अनेकांची इथे एक तक्रार असते: 'फुल स्क्रीन झालं, पण फोटो होता तेवढाच राहिला.' एफमुळे झूमची टक्केवारी बदलत नाही, म्हणून असं होतं. एफ दोनदा दाबल्यावर लगेच कंट्रोल आणि शून्य दाबा, म्हणजे फोटो स्क्रीनभर बसेल. एफ, एफ, कंट्रोल-शून्य हा क्रम दोन दिवसांत बोटांना सवयीचा होतो.

पूर्ण स्क्रीनमध्ये असताना पॅनेल लागलं तर माउस स्क्रीनच्या कडेला न्या, पॅनेल बाहेर सरकेल. ते पक्कं उघडं ठेवायचं असेल तर टॅब दाबा. उलट, कडेजवळ ब्रश फिरवताना पॅनेलं सारखी उघडत असतील तर प्रेफरन्सेसमधल्या वर्कस्पेस विभागात 'ऑटो-शो हिडन पॅनेल्स' ही खूण काढा.

सिलेक्शनच्या हलणाऱ्या तुटक रेषा आणि गाइड्स कंट्रोल-एचने लपतात. मात्र रेषा दिसेनाशा झाल्या तरी सिलेक्शन चालूच असतं. थोड्या वेळाने ब्रश फिरवावा आणि काहीच उमटू नये, असं झालं तर आधी हेच तपासा. कंट्रोल-डीने सिलेक्शन सोडलं की ब्रश पुन्हा चालतो. मॅकवर कमांड-एच पहिल्यांदा दाबल्यावर फोटोशॉप लपवायचं की या रेषा, असं विचारलं जातं; तिथे रेषांचा पर्याय निवडा.

प्रश्न : कधीकधी टॅब आणि एफ दोन्ही दाबून काहीच होत नाही. कीबोर्ड बिघडलाय का?

बहुतेक वेळा कीबोर्ड ठीक असतो, कळ भलत्या ठिकाणी पोचत असते.

टाइप टूल चालू असेल आणि मजकुरात कर्सर लुकलुकत असेल तर एफ दाबल्यावर ते अक्षर मजकुरात उमटतं आणि टॅबची मोकळी जागा पडते. कंट्रोल-एंटरने मजकूर पक्का करा किंवा एस्केपने सोडा, मग कळा चालतील. दुसरी शक्यता अशी की ऑपॅसिटी किंवा ब्रशच्या मापाच्या चौकोनात कर्सर अडकला आहे. तिथे टॅब तुम्हाला पुढच्या चौकोनात नेते. एंटर दाबून बाहेर या. एखादा डायलॉग उघडा राहिला असेल तरीही असंच होतं.

तिसरं कारण मराठीत टाइप करणाऱ्यांच्या कामाचं. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर असेल तर एफच्या कळेवर ऱ्हस्व वेलांटी असते. जे सॉफ्टवेअर कळेची जागा न पाहता उमटणारं अक्षर पाहतं, त्याला एफ मिळतच नाही. विंडोज आणि स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा.

आणि टॅब चुकून दाबली गेल्यामुळे पॅनेलं 'हरवली' असतील तर सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करायच्या फंदात पडू नका. टॅबने ती आली नाहीत तर विंडो मेनूतल्या वर्कस्पेसमध्ये जाऊन चालू वर्कस्पेस रीसेट करा.

प्रश्न : काळ्या पार्श्वभूमीवर फोटो फार सुंदर दिसतो, म्हणून शेवटची तपासणी मी तशीच करतो. पण प्रिंट दर वेळी काळपट येते. हे का होतं?

मॉनिटरचा उजेड गरजेपेक्षा जास्त असणं हे याचं एक नेहमीचं कारण. ते आधी तपासा, पण काळ्या पार्श्वभूमीचाही यात मोठा वाटा आहे.

डोळा उजेड शेजारच्या उजेडाशी ताडून मोजतो. भोवती काळं असलं की फोटो आहे त्यापेक्षा उजळ भासतो. गडद भागही उचलल्यासारखे दिसतात, त्यामुळे कॉन्ट्रास्ट कमी वाटतो. मग आपण एक्स्पोजर थोडं खाली ओढतो, काळे भाग आणखी दाबतो. तोच फोटो पांढऱ्या कागदावर, पांढऱ्या समासात छापला जातो तेव्हा तुलना उलटी होते आणि प्रिंट काळवंडलेली दिसते.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला पाच मिनिटं पुरतात. नवीन फाइल घ्या, डावा अर्धा भाग काळा आणि उजवा अर्धा पांढरा भरा. दोन्हींच्या मधोमध एकेक छोटा चौकोन काढा आणि दोन्ही चौकोनांत एकच राखाडी भरा: लाल, हिरवा, निळा तिन्ही ११९. आता टॅब आणि एफने बाकी सगळं लपवून पाहा. काळ्यातला चौकोन उजळ वाटतो, पांढऱ्यातला गडद. आयड्रॉपर लावलात तर दोन्हीकडे ११९च मिळतं.

म्हणून टोन आणि रंग ठरवताना भोवती मध्यम राखाडी ठेवा. फोटोशॉपमध्ये फोटोच्या बाहेरच्या जागेवर राइट क्लिक केलं की रंगांची यादी येते. 'मीडियम ग्रे' निवडा किंवा 'कस्टम'मध्ये वरचे आकडे भरा. तिन्ही आकडे सारखेच हवेत, कारण राखाडीत किंचित निळसर झाक असली तरी फोटो पिवळट वाटू लागतो आणि आपण नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. एफच्या तिन्ही अवस्थांचा रंग स्वतंत्र असतो, त्यामुळे तो पूर्ण स्क्रीनच्या अवस्थेत जाऊन बदला, किंवा प्रेफरन्सेसच्या इंटरफेस विभागात तिन्ही एकदाच ठरवून टाका.

कंट्रोल-शून्यने फोटो स्क्रीनभर पसरला की राखाडी जागा फारशी उरत नाही, तेव्हा कंट्रोल आणि वजाचं चिन्ह एक-दोनदा दाबून चहूबाजूंनी पट्टा दिसू द्या. प्रिंटसाठी शेवटची नजर टाकताना पार्श्वभूमी पांढरी किंवा फिकट राखाडी करून पाहा. कागद तसाच असणार आहे.

लाइटरूम क्लासिकमध्येही फोटोबाहेर राइट क्लिक करून हा रंग बदलतो. डार्कटेबलमध्ये याची खास सोय आहे: त्याच्या 'डार्करूम' या एडिटिंगच्या विभागात कंट्रोल-बी दाबलं की फोटो लहान होतो, त्याला पांढरी चौकट येते आणि बाहेर मध्यम राखाडी पसरते. त्या पांढऱ्या चौकटीमुळे डोळ्याला पांढऱ्याचं माप मिळतं. रंग जोखण्यासाठी याइतकी सोयीची मांडणी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच सापडते.

काळी पार्श्वभूमी अजिबात वापरू नये असं नाही. फोटो अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टरवरच दाखवायचा असेल तर काळ्यावर तपासणंच योग्य.

प्रश्न : लाइटरूम क्लासिकमध्ये शेकडो फोटोंतून निवड करायची असते. पूर्ण स्क्रीनवर एकामागून एक कसे बघता येतील? आणि प्रत्येक फोटो आधी धूसर का दिसतो?

एफ दाबा. लाइटरूममध्ये ही कळ थेट फोटोच स्क्रीनभर आणते, आजूबाजूचं काहीही राहत नाही. डाव्या-उजव्या बाणांनी पुढे-मागे जा. पी म्हणजे निवडला, एक्स म्हणजे नाकारला. कॅप्स लॉक चालू ठेवलं तर पी किंवा एक्स दाबताच पुढचा फोटो आपोआप येतो, बाणाला हात लावावा लागत नाही. झेडने झूम होतो. परत यायला पुन्हा एफ.

पॅनेलं थोडीच आवरायची असतील तर टॅबने दोन्ही बाजूंची आणि शिफ्ट-टॅबने चारही बाजूंची जातात. एफ५ ते एफ८ या कळांनी अनुक्रमे वरची, खालची, डावी, उजवी अशी एकेक पट्टी लपते. एल कळ पहिल्यांदा बाकीचं सगळं मंद करते, दुसऱ्यांदा काळं करते, तिसऱ्यांदा पूर्ववत आणते. वर सांगितलेला काळ्या पार्श्वभूमीचा धोका एललाही लागू आहे. रचना आणि क्रॉप पाहायला ती चांगली, एक्स्पोजर ठरवायला नको.

धूसर दिसण्याचं कारण प्रिव्ह्यू. मोठा प्रिव्ह्यू तयार नसेल तर लाइटरूम आधी हाताशी असलेलं लहान चित्र ताणून दाखवतं आणि मागे मोठं बनवत बसतं. निवडीला बसण्याआधी सगळे फोटो सिलेक्ट करा, लायब्ररी मेनूतल्या प्रिव्ह्यूजमधून १:१ (म्हणजे मूळ फोटोएवढे) प्रिव्ह्यू बनवायला लावा आणि ते काम संपू द्या. डिस्कवर जागा जास्त लागते, पण मग झूम केल्यावरही थांबावं लागत नाही. नुसतं स्क्रीनभर पाहायचं असेल तर स्टँडर्ड प्रिव्ह्यू पुरतात. मात्र कॅटलॉग सेटिंग्जच्या फाइल हँडलिंगमध्ये त्यांचं माप तुमच्या स्क्रीनच्या रुंदीपेक्षा कमी नको.

प्रश्न : गिंपमध्ये एफ११ दाबलं तरी पॅनेलं आणि पट्ट्या दिसतातच. पूर्ण मोकळी स्क्रीन मिळत नाही का?

मिळते, पण एकदा सांगून ठेवावं लागतं. एफ११ विंडो स्क्रीनभर करते, बाजूची पॅनेलं टॅबने जातात. टॅब चालली नाही तर फोटोवर एकदा क्लिक करून मग दाबा. लॅपटॉपवर एफ११साठी एफएन कळही धरावी लागू शकते.

मेनू, रूलर, स्क्रोलबार, खालची पट्टी यांचं ठिकाण एडिट मेनू, प्रेफरन्सेस, इमेज विंडोज, अपीअरन्स असं आहे. तिथे नेहमीच्या आणि फुल स्क्रीनच्या अवस्थेसाठी खुणांचे दोन वेगळे गट आहेत. फुल स्क्रीनच्या गटातल्या नको त्या खुणा काढा. पार्श्वभूमीचा रंगही तिथेच ठरतो. आधीच उघडलेल्या फोटोवर फरक दिसला नाही तर तो बंद करून पुन्हा उघडा. कंट्रोल-शिफ्ट-जेने फोटो विंडोभर बसतो, १ दाबलं की १०० टक्के.

क्रिटामध्ये टॅबनेच 'कॅनव्हस ओन्ली' येतं आणि त्यात काय काय लपवायचं हे सेटिंग्जमध्ये निवडता येतं.

प्रश्न : पूर्ण स्क्रीनवर फोटो एकदम स्वच्छ, धारदार दिसतो. झूम केला की दाणे आणि किंचित हललेपण दिसतं. खरं काय मानायचं?

दोन्ही खरं आहे, दोन वेगवेगळ्या मापांत. ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो १९२० × १०८० च्या स्क्रीनवर बसवला की तो २७ टक्क्यांवर येतो आणि १६२० × १०८० एवढी जागा घेतो. म्हणजे मूळ फोटोतले जवळपास १४ पिक्सेल मिळून स्क्रीनवरचा एक पिक्सेल बनतो. या सरासरीत दाणे विरून जातात, थोडं हललेपणही झाकलं जातं.

धार, दाणे आणि फोकस यांचा निर्णय १०० टक्क्यांवरच घ्या. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-१ दाबा आणि स्पेस धरून माउसने फोटो सरकवा. पूर्ण स्क्रीनच्या अवस्थेत फोटोचा कोपरा ओढून स्क्रीनच्या मधोमधही आणता येतो. नेहमीच्या अवस्थेत त्यासाठी टूल्सच्या प्रेफरन्सेसमध्ये 'ओव्हरस्क्रोल' चालू असावं लागतं. ३८४० × २१६० च्या स्क्रीनवर पिक्सेल इतके बारीक असतात की १०० टक्क्यांवरही दोष सुटू शकतात. तिथे २०० टक्क्यांवर एकदा पाहा.

फोटो वेबसाठी लहान करायचा असेल तर आधी त्या मापाची प्रत बनवा, मग ती १०० टक्क्यांवर तपासा. मोठी फाइल २७ टक्क्यांवर पाहून शार्पनिंग ठरवलं तर अंदाज हमखास चुकतो.

प्रश्न : दोन मॉनिटर आहेत. एकावर पॅनेलं आणि दुसऱ्यावर फक्त फोटो ठेवता येईल का?

येईल. फोटोशॉपमध्ये विंडो मेनू, अरेंज, त्यातून त्याच फोटोची नवीन विंडो उघडा. ती दुसऱ्या मॉनिटरवर ओढा आणि तिथे एफ दाबा. एका विंडोत २०० टक्क्यांवर ब्रश चालवा, दुसरीत पूर्ण फोटो बदलताना दिसेल. लाइटरूम क्लासिकमध्ये दुसरी विंडो एफ११ने उघडते, शिफ्ट-एफ११ने ती स्क्रीनभर होते.

दोन्ही मॉनिटर स्वतंत्र कॅलिब्रेट केलेले, म्हणजे रंग आणि उजेड ठरलेल्या मापाशी जुळवलेले हवेत. एकच केला असेल तर रंगाचा निर्णय त्याच्यावरच घ्या आणि पॅनेलं दुसऱ्यावर न्या. बरेच जण नेमकं उलटं करतात.

प्रश्न : व्हिडिओ एडिटिंगमध्ये अशी सोय आहे का?

प्रीमिअर प्रोमध्ये माउस ज्या पॅनेलवर असेल ते मोठं करायला १ च्या डावीकडची, टॅबच्या वरची कळ दाबा. कंट्रोलसह दाबली तर चित्र पूर्ण स्क्रीनवर येतं. दाविंची रिझॉल्व्हमध्ये कंट्रोल-एफने सिनेमा व्ह्यूअर उघडतो. स्क्रीनभर चालवल्यावर व्हिडिओ अडखळू लागला तर प्रीमिअरच्या प्रोग्रॅम मॉनिटरखाली प्लेबॅक रिझोल्यूशन अर्ध्यावर आणा. त्याने फक्त पाहण्याचा दर्जा उतरतो, एक्स्पोर्टवर परिणाम होत नाही. फोकस तपासताना मात्र ते पुन्हा पूर्णवर न्या आणि व्हिडिओ थांबवून पाहा.