दहा बाय नऊची खोली आणि आत्याबाईंची चंद्रकळा

प्रश्न : दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्यात, तळमजल्याच्या एका खोलीत, आम्ही मित्र १२ मिनिटांचा लघुपट चित्रित करीत आहोत. खोली १० फूट लांब व ९ फूट रुंद असून भिंतींना हिरवा ऑइलपेंट आहे, वर काळवंडलेली लाकडी तक्तपोशी आहे आणि एकुलती एक खिडकी चौकाकडे उघडते. भाड्याने आणलेली दोन एलईडी पॅनेल आम्ही दोन कोपऱ्यांत उभी केली. तरी आई व मुलगा दोघांचेही चेहरे सपाट आणि हिरवट दिसतात आणि मागच्या भिंतीवर प्रत्येकाच्या दोन-दोन सावल्या पडतात. आणखी एक दिवा आणावा काय?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : आणखी दिवा आणू नये, जे दोन आहेत त्यांपैकीही एक तूर्त बंद करावा. चित्र मरगळलेले दिसले की उजेड कमी पडतो आहे अशी आपली समजूत होते. लहान खोलीत बहुधा उलटच घडत असते. चेहऱ्यावर न पडलेला उजेड जवळच्या भिंतीवर आदळतो, तिचा हिरवा रंग घेऊन माघारी येतो आणि गालाची जी बाजू थोडी अंधारात राहायला हवी होती, नेमकी तीच उजळून टाकतो. सपाटपणा आणि हिरवटपणा या दोन्ही तक्रारींचे मूळ त्या ऑइलपेंटमध्ये आहे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरची (चित्रात न दिसणारी) भिंत काळ्या कापडाने झाकणे.

काही वर्षांपूर्वी रावपुऱ्यातल्या अशाच एका खोलीत आम्ही काम करीत होतो आणि काळे कापड आणायचे विसरलो होतो. घरातल्या आत्याबाईंनी ट्रंकेतून आपली चंद्रकळा काढून दिली. तिचा काठ मागे दुमडून ती आम्ही नटीच्या डाव्या गालापासून दोन हातांवर, चौकटीच्या जेमतेम बाहेर, दोरीवर टाकली, आणि मॉनिटरवर त्या गालाचे हाड दिसू लागले. दिवा कोणी हलवला नव्हता. साडीला क्लिपांचे व्रण पडले, त्याबद्दल आम्हांला जे ऐकावे लागले ते योग्यच होते. आपण कापडबाजारातून काळे सुती कापड आणावे. चकचकीत अस्तराचे कापड मात्र नको, कारण ते उजेड गिळण्याऐवजी परतवते.

उरलेला एक दिवा खोलीत ठेवण्यापेक्षा चौकात, खिडकीबाहेर, सात-आठ फुटांवर उभा करावा. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. दिवा चेहऱ्यापासून दोन फुटांवर असताना नट एक फूट पुढे झुकला, तर त्याच्यावरचा उजेड जवळजवळ चौपट होतो. तोच दिवा आठ फुटांवर असेल, तर तेवढ्याच हालचालीने सुमारे तीस टक्क्यांचाच फरक पडतो. (पॅनेल मोठे असल्यास अगदी जवळच्या अंतरात हे गणित काटेकोर जुळत नाही, पण कल हाच राहतो.) आई चुलीपासून उठून दारापर्यंत जाणार असेल, तर हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. शिवाय खिडकीच्या गजांची सावली फुकटात मिळते. खिडकीला ट्रेसिंग पेपर लावल्यास उजेड मऊ होईल. मात्र मग खिडकी हाच दिवा होतो आणि अंतर तिथपासून मोजावे लागते, हे बरेच जण विसरतात.

पॅनेल भर उन्हापुढे फिके पडेल. तेव्हा दिवसाचा प्रसंग खुशाल रात्री चित्रित करावा. त्यात आणखी एक सोय अशी की, खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप दर तासाला सरकते आणि संकलनाच्या वेळी आईच्या एका वाक्यात सकाळ व दुसऱ्यात दुपार दिसते, तो घोळ टळतो.

अंधारी बाजू फारच काळी झाली, तर थर्माकोलचा पांढरा तुकडा दुरून धरावा. परतवलेल्या उजेडाची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटासाठी काशीच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला होता, तेव्हा छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून त्यावरून परतवलेला उजेड खाली आणला, आणि खऱ्या चौकात आकाशातून झिरपतो तसा सावलीविरहित प्रकाश त्यांना मिळाला. आपल्या खोलीत मात्र वरून कापड ताणण्याच्या फंदात पडू नये. इतक्या कमी उंचीवर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि कापडही चौकटीत शिरते.

एक दिवा विझवताच दोन सावल्यांपैकी एक जाईल. दुसरीसाठी नटांना भिंतीपासून सोडवावे लागेल. भिंतीला समांतर मांडणी केली की हाती नऊ-दहा फूटच राहतात, पण कॅमेरा एका कोपऱ्यात ठेवून समोरच्या कोपऱ्याकडे रोखल्यास कर्णावर सुमारे साडेतेरा फूट मिळतात; त्यात नट भिंतीपासून चार फूट पुढे सहज बसू शकतो आणि सावली चौकटीबाहेर जमिनीवर उतरते.

चौकटीत दिसणारा बल्ब ठेवायचा असेल, तर ९ वॅटऐवजी ३ वॅटचा लावावा. त्याचा २७०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा) पिवळा उजेड आणि पॅनेलचा ५६०० केल्विनचा पांढरा उजेड यांतला फरक रात्रीच्या प्रसंगाला शोभतो, मात्र घरची ६५०० केल्विनची ट्यूब त्यात तिसरी नको.

प्रश्न : घरातील ट्यूबलाइटखाली चित्रण केल्यावर पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा बिघडला आहे काय?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : कॅमेरा ठीक असावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि शटर, म्हणजे प्रत्येक चौकटीला उजेड मिळण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवल्यास प्रत्येक चौकटीत दोन पूर्ण आवर्तने मावतात आणि पट्टे जातात. २४ चौकटींचाच आग्रह असेल, तर शटरचा कोन (काही कॅमेऱ्यांत हाच वेळ अंशांत मोजतात) १७२.८ अंश ठेवावा, म्हणजे पुन्हा १/५० च येते. डिमरवर मंद केलेले स्वस्त एलईडी दिवे मात्र स्वतःच्या वेगळ्या गतीने लुकलुकतात. ते डिमर पूर्ण वाढवून वापरावेत आणि जास्त झालेला उजेड बटर पेपरने कमी करावा.